पुण्याचे घर आणि त्याखालची जमीन

वाढत्या महानगरातील घरांच्या किमतींविषयी जी चर्चा सदैव चालू असते, तिच्यात दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झालेली बहुधा आढळते. किमती किती वाढल्या, हा पहिला प्रश्न मोजमापाचा आहे. त्या कशामुळे वाढल्या आणि त्या वाढीचा धनी कोण झाला, हा दुसरा प्रश्न अर्थशास्त्राचा आणि काही अंशी न्यायाचा आहे. पहिल्याचे उत्तर हाती आले म्हणजे दुसऱ्याचेही आले, अशी समजूत करून घेतल्यामुळे 'मागणी वाढली, म्हणून भाव वाढले' एवढ्या एका वाक्यात सगळा विषय आटोपला जातो. या विषयाच्या परीक्षणास पुण्याइतके योग्य उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. मुंबईची टंचाई समुद्राने आखून दिलेली आहे. पुण्याच्या आसमंतात मात्र डोंगरांचा आणि लष्करी हद्दींचा भाग वगळला तरी मोकळी शेतजमीन विपुल होती आणि आजही आहे. १९५० साली जेथे महानगरपालिका स्थापन झाली, ते पेठांचे आणि पेन्शनरांचे शहर २०११ च्या जनगणनेपर्यंत सुमारे ३१ लाख वस्तीचे झाले आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. सभोवार जमीन असूनही सामान्य नोकरदाराचे घर त्याच्या मिळकतीच्या पलीकडे का जावे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत आढाव्याचा हेतू आहे.

मोजमापाची अडचण

वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होणारे भाव बहुतेक वेळा विकसकांनी सांगितलेले किंवा मालमत्ता-सल्लागार संस्थांनी आपल्या अहवालांत दिलेले असतात. प्रत्यक्ष सौदा ज्या रकमेस पटला, ती रकम आणि दस्तात नोंदलेली रकम यांत फार काळ मोठे अंतर असे, कारण मोबदल्याचा काही भाग रोखीने देण्याघेण्याची चाल सार्वत्रिक होती. मुद्रांक शुल्क हे दस्तातील मोबदला आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे लोक ज्यास रेडी रेकनर म्हणतात त्यानुसार, येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. त्यामुळे जुन्या दस्तांतील किमती रेडी रेकनरच्या पातळीशी चिकटून राहिलेल्या दिसतात आणि त्यांवरून बाजाराची खरी गती कळत नाही.

दुसरी अडचण क्षेत्रफळाची. १ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायद्याचा अंमल पूर्णपणे सुरू होऊन महारेराचे कामकाज चालू झाले, त्यापूर्वी जिने, लिफ्ट, व्हरांडे आणि क्वचित क्लबहाऊस यांचाही वाटा चढवून 'सुपर बिल्टअप' क्षेत्रावर दर सांगितला जाई. त्यानंतर चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक झाले. म्हणून २०१० सालचा चौरस फुटाचा दर आणि आजचा दर शेजारी शेजारी मांडणारा कोष्टककार दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच ढिगात ओतत असतो. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक २०१०-११ हे पायाभूत वर्ष धरून अनेक वर्षे दहा शहरांसाठी निघत असे; त्या दहांत लखनौ, कानपूर आणि कोची होती, पुणे नव्हते. या सर्व कारणांनी जुन्या काळाविषयी आकड्यांचा आग्रह न धरता दिशेचा आणि कारणांचा विचार करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

भाडेकरूंचे शहर ते मालकांचे शहर

गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली आणि जिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले, तिच्यातून दिसणारे पुणे हे मुख्यत्वे भाडेकरूंचे पुणे आहे. वाड्याच्या चौकाभोवती दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटून आयुष्य काढणे मध्यमवर्गालाही कमीपणाचे वाटत नसे. या व्यवस्थेला पहिला धक्का १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बसला. महागाईच्या आणि फाळणीच्या दिवसांत भाडेकरूला संरक्षण देणे अगत्याचे होते यात शंका नाही. परंतु १९४० च्या पातळीवर गोठविलेले प्रमाणभूत भाडे दशकानुदशके तसेच राहिल्यामुळे मालकाने डागडुजी सोडली, नवे घर भाड्याने देण्यासाठी बांधण्याची प्रथा आटली, पागडीचा व्यवहार बोकाळला आणि वाड्यांची स्थिती उत्तरोत्तर खालावत गेली. २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा अंमलात आला, तोपर्यंत भाड्यासाठी घरे बांधणारा वर्गच नाहीसा झाला होता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराच्या विस्ताराला आपत्तीनेच गती दिली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी सहकारी गृहरचना संस्थांच्या आधाराने पेठांबाहेर बिऱ्हाडे हलविली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा आकारास येत होता; १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पाठोपाठ मोटार आणि यंत्रनिर्मितीचे मोठे कारखाने तेथे आले व पगारदार कामगारांचा एक नवा वर्ग घर शोधू लागला. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा, 'मोफा' या नावाने ओळखला जाणारा कायदा यांनी गाळेवजा घराच्या मालकीस कायद्याचे अधिष्ठान दिले. आरंभी या घरबांधणीचा कणा सहकार हा होता: सभासद एकत्र येत, जमीन मिळवीत, ठेकेदार नेमीत आणि पडेल त्या खर्चात घर घेत. पुढे बांधकाम व्यावसायिक हा घटक मध्ये आला आणि संस्था ही घर बांधण्यापूर्वी स्थापण्याची गोष्ट न राहता घरे विकून झाल्यावर नोंदण्याची औपचारिकता बनली. अनेक संस्थांना आपल्या पायाखालच्या जमिनीचे अभिहस्तांतरण मिळविण्यासाठी आजही निबंधकाच्या कचेरीत मानीव अभिहस्तांतरणाचे अर्ज करावे लागतात, ही या स्थित्यंतराची परिणती होय.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्यात रिकाम्या जमिनीची मर्यादा १,००० चौरस मीटर ठरविली. अतिरिक्त जमीन शासनाकडे येईल आणि तीवर गरिबांची घरे होतील, असा कायद्याचा संकल्प होता. व्यवहारात शासनाच्या ताब्यात आलेली जमीन थोडी, खटल्यांत अडकलेली फार आणि सूट मिळवून सुटलेली त्याहून लक्षणीय, असा अनुभव आला. केंद्राने १९९९ मध्ये हा कायदा रद्द केला. महाराष्ट्राने ते निरसन २००७ च्या नोव्हेंबरात स्वीकारले. मधल्या तीन दशकांत कायदेशीर भूखंडांचा पुरवठा आक्रसला आणि त्याची जागा गुंठेवारीने घेतली. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे, प्रसंगी साध्या मुद्रांक कागदावर, विकले गेले. ना बिगरशेती परवाना, ना रेखांकनास मंजुरी, सात-बाराच्या उताऱ्यावर शेवटी नावांची रांग. ही बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा करावा लागला आणि त्याची मुदत पुढे २०२० च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. स्वस्त घराची मागणी कायद्याने भागवली नाही, तेव्हा ती कायद्याबाहेर भागली, एवढाच याचा अर्थ.

कर्जाचे अंकगणित

पुण्यातील किमतींची खरी उसळी नव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे, आणि तिचे श्रेय सामान्यतः हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला व २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला दिले जाते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. हिंजवडीचा तरुण अभियंता आपल्या पगारातून साठविलेल्या पैशांनी घर घेत नव्हता, तो पुढील वीस वर्षांचा पगार आगाऊ खर्च करीत होता. ही सोय आधीच्या पिढीला नव्हती. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन करीपर्यंत गृहकर्ज हा स्वतंत्र व्यवसाय या देशात जवळजवळ नव्हता. राष्ट्रीय आवास बँक १९८८ मध्ये आली. आणि १९९० नंतरच्या दशकातही व्याजाचे दर पंधरा टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे कर्जाकडे मध्यमवर्ग धास्तीनेच पाहत असे.

या बदलाचा किमतींशी असलेला संबंध साध्या हिशोबाने स्पष्ट होतो. पंधरा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत फेडावयाच्या दहा लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १४,००० रुपये पडतो. व्याज साडेसात टक्क्यांवर आले आणि मुदत वीस वर्षांची झाली, म्हणजे तोच १४,००० रुपयांचा हप्ता सतरा लाखांहून अधिक कर्ज पेलू शकतो. खरेदीदाराच्या पगारात एका रुपयाची वाढ न होता त्याची ऐपत पाऊणपट वाढली. आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाची वाढल्यामुळे ती वाढ घराच्या आकारात न उतरता घराच्या भावात उतरली. पहिल्या प्रकारात तो एकूण २५ लाख २० हजार रुपये भरीत होता, दुसऱ्यात ३३ लाख ६० हजार भरतो. व्याज उतरल्यामुळे घर स्वस्त झाले, असे ज्यास वाटले, त्याने प्रत्यक्षात अधिक रकम अधिक वर्षे देण्याचे मान्य केले होते. व्याजावर मिळणारी प्राप्तिकरातील सवलत २००१ मध्ये दीड लाखांपर्यंत आणि २०१४ मध्ये दोन लाखांपर्यंत वाढली. मर्यादित पुरवठ्याच्या बाजारात अशा सवलतीचा मोठा भाग शेवटी विक्रेत्याच्याच पदरात पडतो.

चढ, थबक आणि पुन्हा चढ

२००३ ते २००८ हा पहिल्या मोठ्या चढाचा काळ. २००८ च्या जागतिक अरिष्टाने विक्री एकाएकी मंदावली, परंतु ती मंदी अल्पजीवी ठरली आणि २०१० ते २०१३ या वर्षांत बाणेर, वाकड, खराडी, हडपसर या पट्ट्यांत भाव नव्या उंचीस गेले. त्यानंतरची सहासात वर्षे विशेष अभ्यासण्यासारखी आहेत. २०१६ ची नोटबंदी, २०१७ पासूनचा स्थावर संपदा कायद्याचा अंमल आणि त्याच वर्षीचा वस्तू व सेवा कर यांच्या एकापाठोपाठ आलेल्या आघातांनी बाजार थबकला. तथापि छापील दर फारसे उतरले नाहीत. घरांच्या बाजाराचा हा स्वभावच आहे की, मंदी दरांच्या उताराने व्यक्त न होता विक्रीच्या विलंबाने व्यक्त होते. विकसक दर कमी करीत नाही, कारण तसे केल्यास आधीचे ग्राहक जाब विचारतात आणि बँकेकडील तारणाचे मूल्य घटते. तो मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, स्वयंपाकघर सजवून देतो, हप्ते लांबवून देतो. दर स्थिर आणि महागाई चालू, या दोहोंच्या संगतीत घरांचे वास्तव मूल्य त्या वर्षांत हळूहळू उतरत होते.

करोनाच्या काळात शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांपुरते मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि त्यापुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून दोन वर्षे चार टक्क्यांवर होता. आणि घरातूनच कचेरी चालविण्याची वेळ आलेल्या कुटुंबांना आणखी एक खोली हवी होती. या तिन्हींच्या योगाने साचलेला साठा उठला. पुढे रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला, तरी भाव उतरले नाहीत. उलट वाढतच राहिले. व्याज उतरले की किमती चढतात, पण व्याज चढले की किमती त्याच मापाने उतरत नाहीत, कर्जाची मुदत मात्र लांबते, हा या वीस वर्षांचा निष्कर्ष म्हणता येईल.

जमिनीचे मोल कोणी निर्माण केले?

बांधकाम व्यावसायिकांचे म्हणणे असे की, जमीन महाग झाली म्हणून सदनिका महाग झाली. रिकार्डोने धान्य आणि खंड यांच्या संबंधाविषयी दोनशे वर्षांपूर्वी जे दाखवून दिले, ते येथे लागू पडते: धान्य महाग म्हणून खंड चढतो, खंड चढला म्हणून धान्य महाग होत नाही. जमिनीची बोली करताना विकसक आधी तयार घर काय भावाने जाईल याचा अंदाज घेतो, त्यातून बांधकाम, शुल्के, व्याज आणि आपला नफा वजा करतो, आणि उरलेली रकम जमीनमालकास देऊ करतो. सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचा दर कोथरूडमध्ये आणि वाघोलीत सारखाच असतो. भावातील सारा फरक जागेचा असतो. आणि जागेचे मोल जमीनमालकाने निर्माण केलेले नसते. रस्ता, पूल, जलवाहिनी, मैलावाहिनी, शाळा, कचेऱ्या आणि आता मेट्रो, म्हणजे सार्वजनिक खर्च आणि शेजारी जमलेल्या समाजाचे उद्योग यांनी ते निर्माण केलेले असते.

म्हणून पुण्यातील टंचाई जमिनीची नसून सुविधायुक्त जमिनीची आहे. १९९७ मध्ये ३८ गावे पालिकेत घेण्याचा निर्णय झाला आणि त्यांपैकी काही पुढे वगळण्यात आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. प्रत्येक वेळी इमारती आधी पोहोचल्या, पालिका नंतर पोहोचली आणि पाणी सर्वांत शेवटी. खडकवासला साखळीतील चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी, तिच्यावर शहराबरोबरच दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क. अशा स्थितीत पाण्याची व्यवस्था आपण करू, असे हमीपत्र विकसकाकडून लिहून घेऊन परवानग्या दिल्या गेल्या. घराचा ताबा मिळाल्यावर ती जबाबदारी संस्थेच्या देखभाल खर्चात टँकरच्या रूपाने उतरली. उपनगरातील कमी दिसणाऱ्या दरात हा खर्च आणि रोजच्या प्रवासाचे दोन-तीन तास मिळविले, म्हणजे ती स्वस्ताई पुष्कळशी आटते.

जमिनीची वाढ समाजाकडे वळविण्याची साधने आपल्याकडे नाहीत असे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून, आणि नंतर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, अशी तरतूद आहे की, विखुरलेल्या जमिनी एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्याव्यात, उरलेले सुबक भूखंड मूळ मालकांना परत द्यावेत आणि योजनेमुळे वाढलेल्या मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान त्यांच्याकडून घ्यावे. गुजरातने या पद्धतीने अहमदाबादचा मोठा विस्तार घडविला. पुण्याने ती दीर्घकाळ बाजूस ठेवून विकास आराखड्यातील आरक्षणांवर भिस्त ठेवली. २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-म्हाळुंगे परिसरात नगररचना योजना हाती घेतली, ती या विस्मृत वाटेकडे परतण्याची खूण होय. हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या सुमारे ४०० एकरांवर शेतकरी कुटुंबांनी स्वतःच जमीन एकत्र करून तिच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक होण्याचा जो प्रयोग केला, त्याने मूळ मालकांना एकदाच मिळणाऱ्या पैशांऐवजी टिकाऊ उत्पन्न दिले. तो अनुकरणीय आहे; परंतु घर घेणाऱ्यासाठी किंमत कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

याउलट मेट्रोचे उदाहरण पाहावे. ६ मार्च २०२२ रोजी पहिले मार्ग सुरू झाले. परंतु त्यांच्या कडेच्या जमिनींचे भाव आराखडा प्रसिद्ध होताच चढले होते आणि तो चढ जमीनधारकांनी घेतला होता. एप्रिल २०२२ पासून मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर जो एक टक्का अधिभार बसला, तो मात्र खरेदीदार भरतो, त्याचे घर स्थानकापासून पंधरा किलोमीटर दूर असले तरी. आज बांधकाम चालू असलेले साठ लाखांचे घर घेणारा ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क, ३ लाख वस्तू व सेवा कर आणि ३० हजार नोंदणी फी, मिळून साडेसात लाख रुपये सरकारजमा करतो. ज्याने मूल्यवाढ मिळविली त्याला सोडून ज्याने ती विकत घेतली त्याच्याकडून वसुली करणारी ही करपद्धती उरफाटी आहे.

घरे कोणासाठी?

केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या नागरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज दिला आणि तिच्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची असल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेत नागरी भागातच एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण गुंतवणूकदारासाठी बांधलेले घर आणि गरजवंताला परवडणारे घर या एकाच बाजारातील दोन निराळ्या वस्तू आहेत. पुण्यात सदनिकेच्या भाड्याचे वार्षिक उत्पन्न तिच्या किमतीच्या साधारण तीन टक्के, आणि कर्जाचे व्याज त्याच्या अडीच-तीनपट; तरीही गुंतवणूकदार घर घेतो, याचा अर्थ तो भाड्यासाठी घेत नाही, पुढील भाववाढीसाठी घेतो आणि भाडेकरूची कटकट नको म्हणून अनेकदा कुलूप लावून ठेवतो. चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखून म्हाडाच्या सोडतीतून देण्याचा नियम योग्य आहे. पण नशिबाने घर लाभलेला एक आणि सोडतीत नाव न निघालेले अनेक, या प्रमाणावर नागरी गृहनीती उभी राहू शकत नाही.

या साऱ्या विवेचनातून निघणारा निर्णय असा की, पुण्यातील घरांची महागाई निसर्गदत्त नाही. भाड्याच्या घरांचा मार्ग बुजविणारा कायदा, जमीन अडकवून ठेवणारी कमाल मर्यादा, ऐपतीपेक्षा कर्ज वाढविणारी पतव्यवस्था आणि सार्वजनिक खर्चाने वाढलेले मोल खासगी हाती सोडून देणारी नगररचना, या चार मानवनिर्मित कारणांनी ती घडविली आहे. चारांपैकी दोन कायदे इतिहासजमा झाले, उरलेली दोन कारणे आज जोमात आहेत. त्यांवरील उपायही अज्ञात नाहीत. वस्ती होण्यापूर्वी नगररचना योजना पूर्ण करून मूल्यवाढीचा वाटा जमीनधारकाकडून घ्यावा आणि त्यातून जलवाहिन्या टाकाव्यात. भाड्याने देण्यासाठीच बांधलेल्या घरांना मालकीच्या घरांइतकीच सवलत द्यावी. आणि नोंदणी महानिरीक्षकांच्या ज्या कार्यालयाचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे, त्याच्या दफ्तरात जमा होणाऱ्या प्रत्येक दस्तातील चटई क्षेत्र आणि मोबदला यांवरून विभागवार निर्देशांक दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. शेवटच्या कामाला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. सामग्री सरकारदरबारी आधीच आहे. तोवर घर घेणाऱ्या वाचकाने चौरस फुटाचा दर विचारण्यापूर्वी पाणी कोठून येणार, भोगवटा पत्र कधी मिळणार आणि जमीन संस्थेच्या नावावर केव्हा होणार, हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.